गोधडीच्या कामासाठीं घरगुती इस्त्रीफळी

बावधन हें गांव मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकास, पुणें शहराच्या वेशीला लागून, रामनदीच्या कांठीं वसलेलें आहे. एके काळीं जेथें शेतें होतीं तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत, आणि सन २०२१ मध्यें बावधन बुद्रुक पुणें महानगरपालिकेंत समाविष्टहि झालें. गोठे गेले, खळीं गेलीं. परंतु पुष्कळ घरांतून माळ्यावरच्या ट्रंकेंत एक ठेव अजून जपलेली सांपडते. ती म्हणजे आजीचीं जुनीं लुगडीं. तीं कोणी नेसत नाहीं, आणि तीं टाकून देण्यास कोणाचा हातहि होत नाहीं. त्यांची गोधडी करावी, म्हणजे ज्या कापडानें एका पिढीस झांकलें तेंच दुसऱ्या पिढीस ऊब देईल, असा विचार अनेक मातांच्या मनांत येतो. या कामीं सुई, दोरा व कात्री यांचें महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. चौथें एक साधन आहे, त्याकडे मात्र फारसें कोणी लक्ष देत नाहीं. तें साधन म्हणजे इस्त्री करावयाची फळी होय. ती घरच्या घरीं कशी करावी, आणि तशीच कां करावी, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

ही गोष्ट मी ठेच लागून शिकलों. आमच्या घरीं आईनें आजीच्या चार लुगड्यांची गोधडी करावयास घेतली होती. चौकोन कापून झाले, जोडणी सुरू झाली, आणि सांधे दाबण्याचें काम माझ्याकडे आलें. निराळी फळी नव्हती, म्हणून मीं जेवणाच्या टेबलावर चादरीची घडी घातली. टेबलावर रेक्झिनचें आच्छादन होतें. तें काढण्याचा मीं आळस केला. काम करतां करतां चादर एका बाजूस सरकली, आणि अंजिरी लुगड्याची एक पट्टी तापलेल्या इस्त्रीखालीं त्या रेक्झिनास चिकटली. घाबरून ओढली, तों वीतभर कापड फाटून आलें. बाजारांत नवें कापड पाहिजे तेवढें मिळतें. आजीचें लुगडें मिळत नाहीं. आई रागावली नाहीं. तिनें तो तुकडा घडी करून बाजूस ठेवला, एवढेंच. त्यानंतर पहिल्याच सुटीच्या दिवशीं मीं फळी करावयास घेतली.

येथें कोणी विचारील कीं, आमच्या आज्यापणज्यांनीं इस्त्रीवांचूनच गोधड्या शिवल्या ना? आक्षेप खरा आहे. जुन्या पद्धतीच्या गोधडींत किंवा वाकळेंत अखंड लुगडें अथवा धोतर खालीं व वर पसरीत, मध्यें जीर्ण कापडाचे थर घालीत, आणि कडेपासून आरंभ करून धावदोऱ्याच्या ओळी फिरवीत फिरवीत मध्यापर्यंत येत. ठिगळें वर ठेवून टांचीत. तीं थोडीं वांकडीं बसलीं तरी कांहीं बिघडत नसे. उत्तर कर्नाटकांतील हल्याळ व यल्लापूर या भागांत सिद्दी स्त्रिया ज्या कवंदी शिवतात, त्यांतहि ठिगळें अशींच थेट थरांवर लावीत जातात. त्या काळीं परीट सोडल्यास इस्त्री कोणाच्या घरीं असणार? कपड्यास घडी हवी असली तर तो अंथरुणाखालीं ठेवीत, किंवा तांब्यांत निखारे घालून तो तांब्या कापडावरून फिरवीत. त्या रीतीच्या गोधडीस फळीची गरज नव्हती आणि आजहि नाहीं.

परंतु हल्लीं पुष्कळ जणी चौकोन, त्रिकोण व पट्ट्या कापून, त्या कडेस कड लावून शिवतात, आणि असें जोडकापड तयार झाल्यावर त्याची गोधडी घालतात. या रीतींत माप हेंच सर्वस्व आहे. सुताराच्या मापांत आठ सुतांचा एक इंच होतो, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. समजा, एका ओळींत तेरा चौकोन आहेत; म्हणजे बारा सांधे झाले. प्रत्येक सांधा नीट न दाबल्यामुळें केवळ अर्धें सूत कापड घडींत दडून राहिलें, तर बारा सांध्यांत सहा सूत, म्हणजे पाऊण इंच कमी पडेल. शेजारची ओळ बरोबर असेल तर या दोन ओळी एकमेकींस कशा जुळाव्यात? मग ओढाताण होते, कापडास फुगे येतात, आणि शिवणारीस वाटतें कीं आपला हातच वाईट. वास्तविक दोष हाताचा नसून हाताखालच्या जागेचा असतो.

आतां इस्त्रीखालीं घडतें तें काय, हें पाहूं. सुताचा तंतु सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचा बनलेला असतो. या द्रव्याच्या लांब सांखळ्या एकमेकींस हायड्रोजनाच्या दुबळ्या दुव्यांनीं धरून असतात. कापडास ओल लागली कीं पाणी या सांखळ्यांमध्यें शिरतें व दुवे सैल होतात. इस्त्रीच्या उष्णतेनें पाणी निघून गेलें कीं कापड ज्या स्थितींत असेल त्याच स्थितींत दुवे पुन्हां जुळतात. म्हणून ओल, उष्णता व दाब या तिहींच्या योगानें सुरकुती जाते आणि घडी बसते. यावरून फळीचे गुण आपोआप ठरतात. ती सपाट व घट्ट असावी, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडेल. तिच्यावरील गादी वाफ शोषून घेणारी असावी, म्हणजे कापड लवकर कोरडें होईल. तिच्यांत उष्णतेनें वितळणारा असा एकहि पदार्थ नसावा. गादी फार जाड व मऊ असेल, तर सांधा तींत रुततो आणि त्याच्या दोन्ही बाजूंस कापड उचललें जातें. गादी मुळींच नसेल, तर सांध्याची जाड कड वरच्या बाजूस चकाकत्या रेघेसारखी उमटते. या दोहोंच्या मधली स्थिति आपणांस साधावयाची आहे.

बाजारांत मिळणारी, पाय मिटतां येणारी इस्त्रीफळी या कामास कां पुरत नाहीं, यासहि इतिहास आहे. अमेरिकेंतील न्यू हेवन येथें राहणाऱ्या सारा बून नांवाच्या स्त्रीनें अशा फळींत सुधारणा करून दिनांक २६ एप्रिल १८९२ रोजीं तिचें पेटंट मिळविलें. ही बाई गुलामगिरींत जन्मलेली व पुढें मुक्त झालेली. शिवणकाम हा तिचा व्यवसाय. बायकांच्या पोशाखाच्या बाह्या व अंगचा भाग नीट घालतां यावा म्हणून तिनें फळी अरुंद व वळणदार केली. अंगावरच्या कपड्यांसाठीं अरुंद निमुळती फळी उत्तम असते, ती यामुळेंच. परंतु जोडकापड सपाट व चौकोनी असतें. अरुंद फळीवर तें दोन्ही बाजूंनीं लोंबतें, स्वतःच्या भारानें ताणलें जातें, आणि नुकताच दाबलेला भाग पुन्हां चुरगळतो. सबब आपली फळी रुंद व काटकोनी पाहिजे.

आतां सामानाकडे वळूं. फळीसाठीं १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड घ्यावें. दोन फूट रुंद व चार फूट लांब हें माप घरगुती कामास पुरेसें आहे. आठ फूट बाय चार फूट अशा एका पत्र्यांतून असे चार तुकडे निघतात, तेव्हां चार कुटुंबांनीं मिळून एक पत्रा घेतल्यास खर्च विभागला जाईल. सुताराकडे उरलेला तुकडा मिळाला तर त्याहून उत्तम. लहान जागेसाठीं दीड फूट बाय दोन फूट तुकडाहि चालेल. भुशाची दाबलेली फळी घेऊं नये. वाफेनें ती फुगते. रंग, व्हार्निश किंवा सनमायका लावलेली फळीहि घेऊं नये, कारण उष्णतेनें रंग मऊ होऊन त्याचा डाग कापडास लागण्याची भीति असते.

गादीसाठीं परदेशांत हल्लीं लोकरीच्या दाबीव चटया विकत घेण्याची पद्धत पडली आहे. आपणांस त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांच्या घरची घोंगडी हें काम उत्कृष्ट करते. लोकर ओल शोषून घेते आणि तरी हातास ओली लागत नाहीं. ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळें कापड वरून इस्त्रीनें व खालून गादीनें असें दोन्ही बाजूंनीं तापतें. शिवाय ती सहजासहजीं पेट घेत नाहीं. जुनी, विरलेली घोंगडी असली तरी चालेल. मात्र एक खबरदारी घ्यावी. घोंगडी विणतांना तिच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतात. ती खळ राहिली तर वाफेनें चिकट होऊन तिचा डाग वर येईल. म्हणून घोंगडी रात्रभर पाण्यांत भिजवून, चोळून धुवावी व उन्हांत पूर्ण वाळवावी. तिला आकसावयाचें असेल तेवढें ती कापण्यापूर्वींच आकसूं द्यावी. नंतर पांढरें ओलें फडकें तिच्यावर ठेवून इस्त्री दाबून पाहावी. फडक्यास रंग लागला तर ती घोंगडी या कामाची नव्हे.

याखेरीज जुनी जाड सुती चादर एक, मांजरपाट दोन वार, अर्धा इंच लांबीचे रुंद डोक्याचे बारीक खिळे, सुती नाडी, काचकागद आणि हातोडी एवढें सामान लागेल. मांजरपाट कोरा असतांना त्यास खळ असते व पहिल्या धुण्यांत तो आटतो. म्हणून तोहि अगोदर भिजवून, धुवून घ्यावा. फोम, थर्मोकोल, कृत्रिम धाग्याचें अस्तर, रेक्झिन व प्लास्टिक हीं फळीच्या जवळपासहि येऊं देऊं नयेत. रेक्झिनविषयीं माझा अनुभव वर सांगितलाच आहे.

कृति येणेंप्रमाणें. प्रथम फळीच्या चारहि कडा व कोपरे काचकागदानें घासून गुळगुळीत करावे. बोट फिरविल्यास कोठेंहि कूस लागतां कामा नये. एक कूस राहिली तर ती चादर व खोळ दोन्ही फाडील. गुण्या लावून कोपरे काटकोनांत आहेत कीं नाहींत हें पाहावें. गुण्या नसल्यास दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. ते सारखे भरले तर कोपरे बरोबर आहेत असें समजावें. भूमितींतील हा सिद्धांत परीक्षेपुरता नाहीं, हें विद्यार्थ्यांस येथें कळेल.

दुसरें, घोंगडी फळीच्या मापाची, म्हणजे २४ इंच बाय ४८ इंच, कापून फळीवर पसरावी. एक थर फार पातळ वाटल्यास दोन घालावे. दाबल्यावर एकूण जाडी दोन सुतांच्या आसपास राहिली म्हणजे पुरे. घोंगडी कडेवरून खालीं वळवूं नये, नाहीं तर कडा गोल होऊन बाहेरचे दोन इंच निरुपयोगी होतात.

तिसरें, चादर ३० इंच बाय ५४ इंच कापावी, म्हणजे प्रत्येक बाजूस तीन इंच जास्त राहील. ती घोंगडीवर पसरून सर्व उलटें करावें, आणि प्रत्येक बाजूच्या मध्यभागीं एकेक खिळा मारावा. समोरासमोरच्या बाजू एकामागून एक घ्याव्या. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकत, दर दोन इंचांस एक खिळा याप्रमाणें, चादर ताणीत जावें. एका बाजूचे सर्व खिळे एकदम मारून टाकले तर समोरच्या बाजूस ताण तिरका पडतो. चारहि बाजू सारख्या पुढें नेल्या तर कापडाचा उभा व आडवा धागा सरळ राहतो. कोपरा सर्वांत शेवटीं घ्यावा. त्याचें टोंक आधीं आंत ओढून एका खिळ्यानें धरावें, आणि उरलेले दोन कान पाकिटाच्या घडीप्रमाणें त्यावर बसवावे. खिळा अर्ध्या इंचाचा व फळी जवळ जवळ पाऊण इंचाची, त्यामुळें टोंक वर येण्याची भीति नाहीं.

चौथें, मांजरपाटाची खोळ. मांजरपाट ३२ इंच बाय ५६ इंच कापून चारहि बाजूंस एक इंच नेफा शिवावा व त्यांत नाडी ओंवावी. खोळ फळीवर चढवून नाडी खालून घट्ट ओढून बांधावी. खिळ्यांनीं न बसवितां नाडीची खोळ करण्याचें कारण हें कीं, ती महिन्या-दोन महिन्यांनीं धुतां यावी. डागाळलेल्या खोळीवर नवें कापड ठेवणें म्हणजे मळलेल्या हातानें वही लिहिण्यासारखें आहे. खोळीच्या कडेनें दर इंचास गडद सुती दोऱ्याचा एकेक टांका घालून ठेवावा. पेन्सिल वा शाई वापरूं नये. या खुणांमुळें चौकोन सरळ आहे कीं नाहीं, हें इस्त्री करतां करतांच दिसतें.

पांचवें, फळी ठेवावयाची जागा. टेबल फळीहून अरुंद असेल, तर फळीच्या खालच्या अंगास दोन लाकडी पट्ट्या अशा बसवाव्या कीं टेबलाच्या कडा त्यांच्यामध्यें अडकतील व फळी हलणार नाहीं. टेबल रुंद असेल तर त्यावरील आच्छादन काढून, खालीं सतरंजीची घडी घालून फळी ठेवावी. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया जमिनीवर बसूनच गोधडीचें काम करतात. त्यांनीं फळीच्या दोन टोकांखालीं दोन पाट द्यावे. ही फळी सुमारें आठ किलो भरते, तेव्हां लहान मुलांनीं ती एकट्यानें उचलूं नये.

फळी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. सहा इंच लांबीच्या दोन पट्ट्या शिवून सांधा फळीवर दाबावा. त्या उताण्या केल्यावर सांधा सपाट बसला, वर चकाकती रेघ उमटली नाहीं, आणि मोजल्यावर माप बरोबर भरलें, म्हणजे फळी उत्तम झाली. सांधा उचललेला दिसला तर गादीचा एक थर काढावा. रेघ उमटली तर एक थर वाढवावा.

आतां फळीच्या उपयोगाविषयीं थोडें. सदरा इस्त्री करतांना आपण इस्त्री फिरवितों. जोडकापडावर मात्र ती फिरवूं नये, दाबून उचलावी. कारण जोरानें घासल्यास कापड ताणतें, आणि उरेब कापलेल्या त्रिकोणाची कड तर पाहतां पाहतां लांबते. सांधा प्रथम मिटलेला असतांनाच एकदां दाबावा, म्हणजे टांके बसतात; मग उघडून, शिवणीची पट्टी गडद रंगाच्या बाजूस पाडून, दुसऱ्यांदा दाबावा. फिक्या बाजूस पाडल्यास ती खालून दिसते. दाबलेला तुकडा निवेपर्यंत हलवूं नये. तंतूंतील दुवे जुळण्यास तेवढा अवधि लागतो.

उष्णता किती असावी? इस्त्रीवर एक टिंब असेल तेथें सुमारें ११० अंश सेंटिग्रेड, दोन टिंबांस १५० अंश व तीन टिंबांस २०० अंश असा संकेत आहे. कृत्रिम धाग्यास एक, रेशीम व लोकर यांस दोन, आणि सुतास तीन टिंबें योग्य होत. खणाच्या कापडांत सुताबरोबर रेशीम, किंवा आजकाल कृत्रिम रेशीमहि असतें, म्हणून तेथें कमी उष्णतेपासून आरंभ करावा व वर ओलसर सुती फडकें ठेवावें. कापड कशाचें आहे याचा संशय असल्यास वडील माणसांच्या देखत त्याचा एक दोरा चिमट्यांत धरून जाळून पाहावा. सूत जळतांना कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. रेशीम व लोकर यांस केस जळाल्यासारखा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. जुन्या कापडास ही चौकशी विशेष अगत्याची आहे, कारण त्यास दुसरी संधि देतां येत नाहीं.

पालकांस एक विनंती. इस्त्रीची तार धड आहे, खटका तीन कांट्यांचा आहे व अर्थिंग चालू आहे, हें स्वतः पाहिल्याशिवाय मुलांच्या हातीं इस्त्री देऊं नये. ओल्या पायांनीं वा ओल्या फरशीवर उभें राहून इस्त्री धरूं नये. तार चालण्याच्या वाटेंत सोडूं नये. इस्त्री फळीवर पालथी ठेवून कोणी हांक मारली म्हणून उठून जाऊं नये. लोकर सहसा पेटत नाहीं, परंतु सूत जळतें आणि लाकूडहि जळतें.

पावसाळ्यांत आपल्या भागांत हवा फार दमट असते. फळी भिंतीस टेकवून, खालीं विटेचा आधार देऊन, उभी ठेवावी, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनीं खेळते. काम संपल्यावर गादी ओलसर असतांना तिच्यावर कापडाचे ढीग रचूं नयेत, नाहीं तर बुरशी धरते. आश्विनांत ऊन पडलें कीं खोळ काढून घोंगडीचा थर दिवसभर तापवावा.

एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवावी. फळीचें काम जोडकापडापर्यंतच आहे. थर घालून, धावदोरा भरून गोधडी पुरी झाल्यावर तिच्यावर पुन्हां इस्त्री दाबूं नये. टांक्यांच्या मधल्या फुगलेल्या जागेंत हवा कोंडलेली असते आणि ऊब त्या हवेची असते. शिवाय धावदोऱ्यानें पडणाऱ्या बारीक सुरकुत्या हा गोधडीचा दोष नसून तिची खूण आहे.

आमची गोधडी पुढें पुरी झाली. नव्या फळीवर दाबलेल्या तेरा चौकोनांच्या ओळी एकमेकींस अगदीं बरोबर जुळल्या. थर घालतांना आईनें तो फाटलेला अंजिरी तुकडा काढला, त्याच्या कडा दुमडल्या, आणि कांहीं न बोलतां तो गोधडीच्या आंतल्या थरांत मधोमध ठेवून वर धावदोरा घातला. बाहेरून तो दिसत नाहीं. परंतु थंडीच्या दिवसांत ती गोधडी अंगावर ओढली म्हणजे तो कोठें आहे हें माझ्या हातास बरोबर कळतें.